बी२चा दाखला आणि कायद्याचा वर्ग : नेदरलँड्समधील एका मराठी विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नेदरलँड्सच्या दक्षिण भागात, आइंडहोवेनच्या आसपास राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातील मुलीचे आहे. ओळख पटू नये म्हणून नावे, शाळा आणि विद्यापीठ यांचा उल्लेख टाळला असून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. येथे येणाऱ्या मराठी मुलांना मी डच शिकवते. त्यामुळे या प्रकरणात सुरुवातीपासून माझा सल्ला घेतला गेला, आणि पुढे झालेल्या चुकांपैकी एक माझ्या खात्यावर आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वडील पुण्याहून यंत्रअभियंता म्हणून येथील नोकरीवर रुजू झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कुटुंब त्यांच्या मागोमाग आले. मुलीची नववी कोथरूडला झाली होती. पंधराव्या वर्षी डच माध्यमाच्या शाळेत घालणे धाडसाचे वाटल्याने तिला इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळेत प्रवेश घेण्यात आला. तेथे पहिल्या वर्षी आठवड्याला तीन तास नवशिक्यांसाठीचे डच होते. त्या वर्गात ती बरी चालली होती. डच माणूस चोवीस म्हणताना ‘चार आणि वीस’ असे म्हणतो, हे इंग्रजी घरातून आलेल्या मुलांना उलटे वाटते, पण मराठीत वाढलेल्या मुलीला त्यात काही वावगे दिसत नाही. नपुंसकलिंगाचेही तसेच. ‘हेट बुक’ म्हणजे ते पुस्तक, इथवर जमते. ‘दे ताफल’ म्हणजे ते टेबल म्हणताना मात्र, ‘दे’ नपुंसकलिंगी नसल्याने, मराठीचा आधार सुटतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मुलीच्या कानावर पडणारे थोडेफार डचही थांबले. त्याच वसंतात तिला आयबी डिप्लोमाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळांतील शालान्त परीक्षेच्या, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी विषय निवडायचे होते. दुसरी भाषा म्हणून डच पुढे चालू ठेवता आले असते किंवा अगदी पहिल्या धड्यापासून शिकवले जाणारे स्पॅनिश घेता आले असते. घरात चर्चा झाली ती गुणांची. “नवशिक्यांचा पेपर सोपा असतो, हुकमी गुण मिळतील ते घे,” असे वडिलांचे म्हणणे पडले, आणि तेव्हा ते कोणालाच गैर वाटले नाही, कारण मुलगी त्या वेळी संगणकशास्त्राच्या गोष्टी करत होती आणि तो विषय येथे इंग्रजीतून मिळतो. तिने स्पॅनिश घेतले.

अडचण कशी उभी राहिली

२०२१च्या सुरुवातीला कुटुंबाने घर बदलले तेव्हा जुन्या घरमालकाने दोन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत रक्कम अडकवून ठेवली. पत्रव्यवहार सगळा डचमध्ये होता. आईवडिलांना भाषा येत नव्हती, म्हणून ती पत्रे मुलीने शब्दकोश उघडून वाचली. मोफत प्राथमिक कायदेविषयक सल्ला देणाऱ्या ‘युरिडिस लोकेट’ला तिनेच दूरध्वनी केला आणि तेथून मिळालेल्या माहितीच्या आधारे घरमालकाला उत्तरही तिनेच लिहिले. बरीचशी रक्कम परत आली. त्या पत्रातले डच अशुद्ध होते, हे मी स्वतः पाहिले आहे, पण मुद्दा बिनचूक होता. त्या शरद ऋतूत तिने घरी सांगितले की तिला कायदा शिकायचा आहे आणि येथेच वकिली करायची आहे.

नेदरलँड्समध्ये इंग्रजीतून शिकवले जाणारे कायद्याचे पदवी अभ्यासक्रम आहेत. ग्रोनिंगेनला आंतरराष्ट्रीय व युरोपीय कायदा आहे, टिलबुर्गला ग्लोबल लॉ आहे, मास्ट्रिख्टला युरोपीय कायदा आहे. मात्र या देशात वकील, न्यायाधीश किंवा सरकारी अभियोक्ता होण्यासाठी पदवीला ज्याला येथे ‘सिव्हील एफेक्ट’ म्हणतात ती मान्यता असावी लागते. ती डच कायद्याच्या ठरावीक विषयांवर अवलंबून असते, आणि हे विषय मुख्यतः डचमधून शिकवले जातात. म्हणजे तिला हवे होते ते दार डच भाषेतूनच उघडत होते.

आयबी डिप्लोमा येथील विद्यापीठपूर्व शालान्त परीक्षेच्या बरोबरीचा मानला जातो, त्यामुळे शैक्षणिक पात्रतेचा प्रश्न नव्हता. परदेशी किंवा आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेऊन डच माध्यमाच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्याकडून मात्र विद्यापीठ भाषेचा पुरावा मागते, आणि तो सर्वसाधारणपणे ‘स्टाट्सएक्सामेन एनटी२, प्रोग्राम दोन’ या सरकारी परीक्षेचा असतो. एनटी२ म्हणजे दुसरी भाषा म्हणून डच. प्रोग्राम एक हा भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवर बी१ पातळीचा असतो, तर प्रोग्राम दोन बी२ पातळीचा. वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग असतात, प्रत्येकात ५०० गुणांची रेषा ओलांडावी लागते, आणि चारही भाग उत्तीर्ण झाल्यावर डिप्लोमा हाती येतो. जानेवारी २०२२ मध्ये भाषाकेंद्रात घेतलेल्या चाचणीत मुलगी वाचनात ए२ला, म्हणजे बी१च्याही एक पायरी खाली होती आणि लेखनात त्याहून खाली.

याच टप्प्यावर, विद्यापीठाचे नियम वाचताना, स्पॅनिशचा निर्णय पहिल्यांदा टोचला. ज्यांच्या आयबी डिप्लोमात डच हा विषय पुरेशा पातळीवर आहे, त्यांना अनेक विद्यापीठे वेगळी भाषा परीक्षा मागत नाहीत. म्हणजे दोन वर्षे शाळेत, शाळेच्या खर्चात आणि शाळेच्या वेळापत्रकात जे होऊ शकले असते, ते आता शाळा संपल्यावर स्वतंत्रपणे करायचे होते.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्रजीतील युरोपीय कायद्याला प्रवेश घेण्याचा होता. वर्ष वाया जात नव्हते आणि इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. वडिलांचा कल याकडे होता. आधी पदवी घ्यावी, सोबत डच शिकावे, मग राहिलेले डच विषय पूर्ण करून मान्यता मिळवावी, असे त्यांचे गणित होते. गणित चुकीचे नव्हते. पण जे डच एक वर्ष पूर्ण वेळ देऊन जमेल की नाही अशी शंका होती, ते पूर्ण वेळेच्या पदवीसोबत फावल्या वेळात जमेल, असे गृहीत धरणे मला पटले नाही. आणि भरायचे विषय नेमके ते होते ज्यांत भाषेची कसोटी सर्वांत कडक असते.

दुसरा पर्याय पुण्याला परतून पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घेण्याचा होता. आजी-आजोबा तेथे होते आणि आईला तो मनातून आवडला होता. मुलीने तो एका वाक्यात निकालात काढला : जे भाडेकरू तिला डोळ्यांपुढे दिसत होते, ते आइंडहोवेनचे होते. यावर फार वेळ गेला नाही.

होखस्कूल म्हणजे उपयोजित उच्च शिक्षण संस्थेत कायद्याचा अभ्यासक्रम घेऊन एका वर्षानंतर विद्यापीठात जाण्याची वाट तपासली, पण तेथेही शिक्षण डचमधूनच होते आणि भाषेची अट टळत नव्हती.

उरला तो एक वर्ष थांबून फक्त डच शिकण्याचा पर्याय. यात तिला एक सोय होती, जी भारतातून थेट येणाऱ्या विद्यार्थ्याला नसते. तिचा निवास परवाना आईवडिलांबरोबर राहण्याचा होता, त्यामुळे ते वर्ष कोणत्या सबबीवर काढायचे हा प्रश्न नव्हता. भारतातून येणाऱ्याला शिक्षणसंस्थेमार्फत व्हिसा आणि परवाना काढावा लागतो, तयारीच्या अभ्यासक्रमासाठी जास्तीत जास्त एक वर्ष मिळते, आणि त्या वर्षात भाषा झाली नाही तर सामान बांधावे लागते. त्या मुलांना मी हा पर्याय इतक्या सहज सुचवत नाही.

केलेली कृती

कुटुंबाने एक वर्ष थांबण्याचे ठरवले. मे २०२२ मध्ये आयबीच्या परीक्षा झाल्या, जुलैमध्ये चांगला निकाल लागला आणि सप्टेंबरपासून एका विद्यापीठाच्या भाषाकेंद्रातील गहन वर्ग सुरू झाले. खर्च काही हजार युरोंचा होता आणि तो घरातूनच करावा लागला. नाताळपर्यंत बी१ आणि एप्रिलअखेर बी२ अशी आखणी केली. वर्गाबाहेर मुलीने एका सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी फडताळे भरण्याचे काम धरले. हे काम येथील शाळकरी मुले सर्रास करतात. या कामाचा जो फायदा झाला तो कोणत्याही वर्गाने दिला नसता. मोठ्या आवाजात, अर्धवट वाक्यांत, विनोद करत बोलले जाणारे डच तिला समजू लागले. दोन महिन्यांत ती निरोप घेताना ब्राबांतच्या, म्हणजे आइंडहोवेनच्या प्रांताच्या, पद्धतीने ‘हौदू’ म्हणू लागली आणि तिचा ‘ख’ उत्तरेकडच्यासारखा घशात न खरवडता दक्षिणेकडच्यासारखा मऊ झाला.

बोलणे असे पळू लागले, पण लिहिणे मागे राहिले. तिच्या वह्यांत एक चूक पुन्हा पुन्हा येई. डचमध्ये गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, ते मराठीच्या सवयीमुळे तिला अवघड गेले नाही. पण गौण वाक्य आधी आले की मुख्य वाक्यात क्रियापद कर्त्याच्या आधी यावे लागते. ‘आल्स इक टाइट हेप, कोम इक’ म्हणजे मला वेळ असेल तर येते मी, अशी ती ठेवण आहे. ती लिहायची ‘इक कोम’. बोलताना तिच्या तोंडून बरोबर यायचे, लिहिताना मात्र डोक्यातले इंग्रजी वाक्य आधी कागदावर उतरायचे. मी हे पाहत होते आणि सरावाने जाईल असे समजत होते.

एप्रिल २०२३ मध्ये दोन गोष्टी ठरल्या. प्रवेशासाठी १ मेच्या मुदतीआधी स्टुडीलिंक या राष्ट्रीय प्रणालीत नोंदणी केली, आणि विद्यापीठाने कळवले की भाषेचे प्रमाणपत्र १५ ऑगस्टपर्यंत पोहोचले पाहिजे. दुसरा निर्णय परीक्षेच्या तारखांचा होता. चारही भाग वेगवेगळ्या दिवशी, अगदी वेगवेगळ्या महिन्यांतही देता येतात आणि उत्तीर्ण झालेला भाग पुन्हा द्यावा लागत नाही. तरीही मी सुचवले की मे महिन्याच्या मध्यावर, एका आठवड्यात चारही भाग द्यावेत. तोवर बी२चा वर्ग संपलेला असेल, तयारी शिखरावर असेल आणि विषय एकदाचा मिटेल, असा माझा विचार होता. निकाल यायला काही आठवडे लागतात हे मला ठाऊक होते. एखादा भाग राहिला तर पुन्हा नोंदणी, पुन्हा परीक्षेची जागा मिळण्याची वाट आणि पुन्हा निकालाचे आठवडे, ही साखळी १५ ऑगस्टच्या मागे किती घट्ट बसते, याचा हिशेब मी कागदावर मांडला नाही.

जूनअखेर निकाल आला. वाचन, श्रवण आणि संभाषण उत्तीर्ण. लेखनात ४८७.

लेखनाचा भाग

या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. मुलीच्या आईने मला दूरध्वनी केला तेव्हा त्या शांत होत्या, पण मागे वडील मोठ्याने विचारत होते की तेरा गुणांसाठी वर्ष जाते का, आणि तसे असेल तर इंग्रजी अभ्यासक्रमाला अजून प्रवेश मिळतो का. मुलीने त्याच संध्याकाळी लेखनाच्या फेरपरीक्षेसाठी जागा शोधली. सर्वांत जवळची तारीख जुलैच्या मध्याची होती आणि परीक्षाकेंद्र दुसऱ्या शहरात होते. ती तिने घेतली.

त्यानंतर तिने विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला लिहिले. यावर आमच्यात मतभेद झाला. वडिलांना वाटत होते की विनंती करून मुदत वाढवून घ्यावी, चार भागांपैकी तीन झाले आहेत हे सांगावे. मला वाटत होते की नियमाला वळसा मागण्याऐवजी नियमात आणखी कोणते पुरावे बसतात ते विचारावे. मुलीने दुसऱ्या पद्धतीने लिहिले. उत्तर दोन दिवसांत आले : मुदत तीच राहील, पण भाषाकेंद्रांच्या काही बी२ चाचण्याही त्यांना चालतील. परदेशात डच शिकणाऱ्यांसाठीची सीएनएव्हीटी ही परीक्षा त्यांच्या यादीत होती, पण त्या वर्षीची फेरी मेमध्येच होऊन गेली होती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका भाषाकेंद्राची चाचणी होती. तिने तीही नोंदवून ठेवली.

फेरपरीक्षेपर्यंतच्या तीन आठवड्यांत आम्ही एकच गोष्ट केली. रोज दोन मजकूर, घड्याळ लावून : एक तक्रारीचे किंवा विनंतीचे पत्र, दुसरा एखाद्या विधानावर मत. प्रत्येक मजकुरात गौण वाक्याने सुरू होणारी किमान तीन वाक्ये लिहायची आणि त्यांतील क्रियापदाखाली रेघ मारायची. घरमालकाला लिहिलेले जुने पत्रही तिने काढले आणि पुन्हा शुद्ध करून लिहिले. त्यात अकरा चुका निघाल्या. त्यांपैकी सात त्याच एका जातीच्या होत्या.

भाषाकेंद्राची चाचणी तिने दिली, पण तिचा निकाल लागायच्या आधीच ९ ऑगस्टला सरकारी निकाल आला. लेखन ५०६.

निष्पत्ती

सप्टेंबर २०२३ मध्ये तिला डच कायद्याच्या पदवीला प्रवेश मिळाला. ऑगस्टच्या मध्यापर्यंत खात्री नसल्यामुळे खोली शोधता आली नव्हती आणि विद्यापीठाच्या गावात तोवर काही शिल्लक नव्हते. पहिले वर्ष तिने घरून रेल्वेने ये-जा करत काढले.

प्रमाणपत्राने वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, पण वर्गातली भाषा त्याच्या पुढची निघाली. ‘झाक’ या शब्दाचेच पाहा. रोजच्या डचमध्ये त्याचा अर्थ बाब, प्रकरण, अगदी दुकान किंवा धंदाही होतो. नागरी संहितेच्या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच मात्र ‘झाक’ म्हणजे माणसाच्या ताब्यात येऊ शकणारी मूर्त वस्तू, अशी व्याख्या आहे. ‘खूड’ म्हणजे रोजच्या भाषेत चांगले, आणि संहितेत वस्तू व मालमत्तेचे हक्क मिळून होणारा सारा ऐवज. सुपरमार्केटमध्ये दिवसातून पन्नास वेळा ऐकलेले शब्द येथे दुसरेच काम करत होते. अवघड शब्दापाशी माणूस थांबतो आणि शब्दकोश उघडतो. ओळखीच्या शब्दापाशी तो थांबत नाही. तिच्या पहिल्या सत्रातल्या उत्तरपत्रिकेत या ओळखीच्या शब्दांनीच घात केला. खासगी कायद्याच्या प्रास्ताविकात ती नापास झाली. परीक्षेत कायद्याच्या कलमांचे संकलन जवळ ठेवायला परवानगी होती, भाषांतराचा शब्दकोश ठेवायला नव्हती.

त्या विद्यापीठात पहिल्या वर्षी ६० पैकी ४५ श्रेयांक मिळवले नाहीत तर अभ्यासक्रम सोडावा लागतो. फेरपरीक्षांनंतर वर्षअखेर तिचे ५० झाले.

वेगळे काय करता आले असते

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय २०२० मधला होता, आणि तो घेताना कोणाला तो निर्णय आहे असे वाटलेही नाही. सोळाव्या वर्षी कोणती पदवी हवी हे मुलाला ठाऊक नसते, हे खरे. पण ज्या देशात राहायचे आहे त्याची भाषा विषयपत्रिकेत ठेवण्यासाठी पदवी ठरलेली असण्याची गरज नसते. डचऐवजी स्पॅनिश घेऊन तिला एकूण गुणांत कदाचित एखाद-दुसरा गुण जास्त मिळाला असेल. प्रवेशासाठी त्या गुणाचा काही उपयोग झाला नाही. येथे राहणाऱ्या मराठी पालकांशी बोलताना मी आता हा मुद्दा पहिल्या भेटीतच काढते, आणि अनेकदा त्यांना तो अवेळी वाटतो.

दुसरी गोष्ट परीक्षेच्या तारखांची, आणि ती माझी चूक. जो भाग सर्वांत कच्चा आहे तो सर्वांत आधी द्यायला हवा होता. मार्चमध्ये लेखन दिले असते तर नापास होण्याची शक्यता मेपेक्षाही जास्त होती, पण तेव्हा नापास होणे स्वस्त पडले असते : जूनपर्यंत दुसरा प्रयत्न आणि हवा तर तिसराही. वाचन आणि श्रवण तिने केव्हाही दिले असते तरी झाले असते. “एकदाचे मिटू दे” हा विचार परीक्षेच्या बाबतीत आपल्याकडे फार रुजलेला आहे, कारण आपल्या परीक्षा वर्षातून एकदाच येत असत. सुटे सुटे देता येणाऱ्या परीक्षेला तो लावणे ही जुनी सवय होती.

प्रवेश कार्यालयाला जूनमध्ये विचारलेला प्रश्न जानेवारीत विचारायला हवा होता, कारण कोणते पुरावे चालतात आणि ते कोणत्या तारखेपर्यंत, हे प्रत्येक विद्यापीठ आपापले ठरवते. इतरत्र पाहिल्यावर लक्षात आले की काही ठिकाणची तारीख याहून लवकरची होती. तेथे अर्ज केला असता तर ९ ऑगस्टच्या निकालाला काही अर्थ उरला नसता.

एका मुद्द्यावर मी अजूनही ठाम नाही. वडील आजही म्हणतात की इंग्रजी पदवीची वाट धरली असती तर पहिल्या वर्षी नापासाचा शिक्का बसला नसता आणि डच सावकाश पक्के झाले असते. मुलीचे म्हणणे वेगळे आहे : नापास झालेल्या त्या पेपरामुळेच तिने ओळखीच्या शब्दांची वेगळी वही सुरू केली. मी ती पाहिली आहे. डाव्या रकान्यात सुपरमार्केटमधला अर्थ, मधल्या रकान्यात संहितेतला, आणि उजवीकडे, जेथे सापडला तेथे, मराठी शब्द. ‘झाक’पुढे तिने आधी ‘वस्तू’ लिहिले होते, मग ते खोडून ‘चीजवस्तू’ केले आहे. ‘रेडलकहाइट एन बिलकहाइट’, म्हणजे डच न्यायालये करार वाचताना ज्या वाजवीपणाचा आणि रास्तपणाचा आधार घेतात त्या जोडशब्दापुढचा उजवा रकाना तिने अजून रिकामा ठेवला आहे.